माँट्रिअलचे राखणदार

मैत्रिणींनो, मुलाकडे किंवा लेकीकडे म्हणून हल्ली आपल्यापैकी किती तरी जणी कॅनडाला जाऊन येतात. तुमचं माँट्रिअलला जाणं झालं तर तिथला एक वाद ऐकल्याशिवाय परतू नका. गावसकर मोठा की तेंडुलकर, या प्रश्नावर आपल्या घरात जशी पानावरची पोळी गार होते, तसं तिथे एका प्रश्नावर होतं: बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत थोर गोलरक्षक कोण?

आधी खेळ समजून घ्या. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. दिवाण आडव्या कडेवर उभा करावा तेवढा. त्याच्यासमोर एकच माणूस. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, इंचभर जाड रबरी चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. जोरदार फटका ताशी शंभर मैलांच्या घरात जातो. आता सांगा, या दाराची राखण करणं सोपं आहे का?

भुयारी रेल्वेने ॲटवॉटर स्टेशनावर उतरलात की सेंट कॅथरीन रस्त्यावर जुनं 'फोरम' लागतं. १९२४ साली उघडलेल्या या वास्तूत 'कॅनेडियन्स' संघ १९९६ पर्यंत खेळला. आता तिथे सिनेमागृह आहे. संघाचं बिऱ्हाड हललं ते 'बेल सेंटर'मध्ये. तिथे मान वर करून छताकडे पाहा. संघाच्या थोर खेळाडूंचे क्रमांक तिथे टांगलेत, त्यांत गोलरक्षक तिघं: ३३, २९ आणि १.

३३ म्हणजे पॅट्रिक रॉय. गुडघ्यांवर बसायचं आणि दोन्ही पाय बाजूंना पसरून खालची फट बंद करायची, ही त्याची तऱ्हा. फुलपाखराने पंख पसरावेत तशी दिसते, म्हणून नावही तेच. १९८६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी त्याने संघाला स्टॅन्ली चषक मिळवून दिला, १९९३ मध्ये पुन्हा. डिसेंबर १९९५ मध्ये एका सामन्यात नऊ गोल खाल्ल्यावर 'हा माझा इथला शेवटचा सामना' असं अध्यक्षांना सांगून तो निघाला, आणि त्याच मोसमात कोलोरॅडोकडून चषक जिंकला!

२९ म्हणजे केन ड्रायडन. ताडमाड उंच, चकती लांब असली की काठीवर हात टेकून निवांत उभा. एकीकडे मॅकगिल विद्यापीठात वकिलीचा अभ्यास, दुसरीकडे आठ मोसमांत सहा चषक. २०२५ मध्ये तो वारला. फोरममध्ये ३१ डिसेंबर १९७५ ला मॉस्कोच्या लष्करी संघाविरुद्ध तोच गोलात होता. पण पाहुण्यांच्या त्रेत्याकने ३८ पैकी ३५ फटके अडवले आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. म्हणून या वादात त्या रशियन माणसाचंही नाव निघतंच.

आणि १ म्हणजे जाक प्लांत. अकरा भावंडांत थोरला. आईने त्याला विणायला शिकवलं आणि स्वतः विणलेली लोकरी टोपी घालून तो गोलात उभा राहायचा! गोल सोडून पुढे येऊन चकती अडवण्याची रीत त्याने रुळवली. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये चकती थेट तोंडावर बसली. टाके घातल्यावर तो म्हणाला, मुखवटा घालीन तरच बर्फावर उतरेन. मुखवट्याने नजर अडते, असं प्रशिक्षक टो ब्लेक यांचं मत. गोलरक्षकाने तोंड झाकणं म्हणजे भित्रेपणा, असंही लोक म्हणत. पण दुसरा गोलरक्षक होता कुठे? मुखवटा घालून त्याने सामना जिंकला आणि त्या मोसमात संघाने सलग पाचवा चषक नेला.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा बरं का. १९२७ मध्येच कॅनडाच्या क्वीन्स विद्यापीठातल्या मुलींच्या संघात एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा घालून गोलात उभी राहिली होती. तिचं शहाणपण पुरुषांच्या खेळात रुळायला तीस वर्षांवर गेली.

माझं मत विचाराल तर प्लांतला. रॉयची तऱ्हा अनेकांनी उचलली. ड्रायडनचे चषक त्याचे त्याच्यापाशी. पण आज शाळकरी पोरगासुद्धा मुखवट्याशिवाय गोलात उभा राहत नाही. आपणही पोटमाळ्यावर चढताना 'शिडी धर रे' म्हणायला लाजतो, गरम पातेलं पदराने उचलतो आणि त्याला धीटपणा म्हणतो. प्लांत धीट होता, म्हणूनच त्याला लोकांच्या बोलण्याची भीती वाटली नाही.

सामने ऑक्टोबर ते एप्रिल असतात आणि जानेवारीतली थंडी हाडं गोठवते. बॅगेत लोकरी टोपी आठवणीने टाका. घरी विणलेली असेल तर फारच छान.