खाकी रंगाची कांडी

वाचकहो, लहान मुलांनी रंग भरावेत म्हणून जी चित्रे छापली जातात, ती आपण कधी बारकाईने पाहिली आहेत काय? फूल, फुलपाखरू, आगगाडी आणि मध्येच एखादा पोलीस. काळ्या रेषांनी रेखलेला, आतून कोरा. त्याला रंग द्यायचा तो मुलाने. अशी काही पाने मी हट्टा येथील एका झेरॉक्सच्या दुकानातून सहा वर्षांच्या नातीसाठी छापून आणली होती. त्यांतील एका पानाने मला जे शिकविले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पानावरील पोलीस परदेशी थाटाचा होता. गळ्यात टाय, छातीवर मोठा बिल्ला, तोंडभर हसू. परंतु वसमत तालुक्यातील आमच्या या गावात पोलीस ठाणे आहे. पोलिसाचा पोशाख कसा असतो हे नातीला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तिने रंगपेटीतील बाराही कांड्या उलथ्यापालथ्या केल्या आणि विचारले, "आजोबा, यात खाकी कुठंय?"

खाकी नव्हतीच. आधी पिवळा लाव आणि त्यावर हलक्या हाताने तपकिरी फिरव, असे मी सांगितले. ती रंगवू लागली आणि माझे मन त्या शब्दाकडे वळले. फारसीत 'खाक' म्हणजे माती, धूळ. एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीवरील इंग्रजी फौजेत हा धुळीचा रंग आला, तो शिपाई दुरून ओळखू येऊ नये म्हणून. पुढे तो पोलिसांच्याही अंगावर चढला. गंमत पाहा : जो रंग दिसू नये म्हणून निवडला, तोच आज आपल्याला गर्दीत सर्वांत आधी दिसतो.

गणवेश रंगवून झाला. मग नातीने काळी कांडी उचलली आणि चित्रातील हसऱ्या ओठांवर एक आडवी रेघ ओढली. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पोलीस हसतो का कुठं?"

वाचकहो, त्या प्रश्नाने मी ओशाळलो. तिने पोलिसाला रागावताना कधी पाहिले नव्हते. तो राग तिने माझ्याच तोंडून ऐकला होता. जेवताना ती हट्टाला पेटली की "थांब, पोलिसालाच बोलावतो" असे मी सहज म्हणत असे. आपणही कधी म्हटले असेल.

माझ्या बालपणी हेच वाक्य माझ्या आजीच्या तोंडी होते. तिच्या बोलण्यात मात्र आणखी एक शब्द येई, 'पोलीस अॅक्शन'. आमच्या मराठवाड्यातील जुनी माणसे जन्म-मृत्यूंचा हिशेब त्या सालावरून करीत. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. मोहीम सैन्याची होती, नाव मात्र पोलिसांचे. त्या दिवसांत कोणाला सुटका लाभली, कोणाच्या वाट्याला भय आले. आजी तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणी. मला इतिहास ठाऊक नव्हता; तो खालावलेला आवाज तेवढा मनात राहिला.

पुढे एकदा आठवडी बाजारात माझा आजीशी चुकामूक झाली. एक हवालदार माझ्या दिशेने येताना दिसला आणि मी एका बैलगाडीखाली दडून बसलो. दिवेलागण होईपर्यंत बाहेर आलो नाही. तो मलाच शोधत होता, आजीनेच त्याला पाठविले होते, हे नंतर कळले.

मुलांच्या मनातील या भीतीची दखल कायद्यानेही घेतली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम २४ प्रमाणे बालकाचा जबाब नोंदविताना पोलीस अधिकारी गणवेशात असता कामा नये. किती समंजस तरतूद आहे ही! तरी ती वाचताना मनात येते, बाजारात हरवलेल्या मुलाने काय करावे? त्याला तर गणवेशच ओळखता आला पाहिजे, त्याच्याजवळ जाऊन "माझं घर सापडत नाही" असे म्हणता आले पाहिजे. जबाब घेताना गणवेश उतरविणे अधिकाऱ्याच्या हाती आहे. मुलाच्या मनात चढविलेली भीती उतरविणे आपल्याच हाती आहे.

म्हणून मुलांना पोलिसाची भक्ती शिकवावी, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या हाती दंडा आहे त्याच्याविषयी समाजाला वाटणारी धास्ती नेहमीच निराधार नसते, आणि कागदावरचे ते अखंड हसूही अर्धेच सत्य. परंतु ज्याच्याकडे आपण डोळे वर करून पाहू शकत नाही, त्याच्याकडे मदत मागता येत नाही आणि त्याला जाबही विचारता येत नाही. रंग भरण्याचे मोल मला येथे दिसते. अर्धा तास मूल टोपीची कड, खिसा, पट्टा, बोटे न्याहाळीत बसते. भीतीने मिटलेल्या डोळ्यांना हे जमत नाही.

मी नातीजवळ माझी चूक कबूल केली आणि बैलगाडीची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. ओठांवरची रेघ मात्र तिने तशीच ठेवली. मीही पुसायला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यावरून जात होतो. फाटकाशी एक शिपाई उभा होता. एरवी माझ्या मागे दडणारी नात थांबली, त्याच्याकडे नीट पाहिले आणि माझा हात ओढून म्हणाली, "आजोबा, आपली खाकी जरा जास्तच पिवळी झाली."