दहाब : निळ्या विवराकाठची कानांची शिकवणी

सिनाई द्वीपकल्पाच्या आग्नेय किनाऱ्यावर, अकाबाच्या आखातालगत, दहाब नावाचे एक छोटे गाव आहे. अरबी भाषेत दहाब म्हणजे सोने. गावाच्या पाठीशी तांबूस, उघडे, झाडाझुडपांचा मागमूस नसलेले डोंगर उभे आहेत; समोर आखाताचे गडद निळे पाणी आणि पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, सौदी अरेबियाची पर्वतरांग. येथे मूळची वस्ती मुझेना टोळीच्या बदाऊनांची. मासेमारी, उंट आणि खजुराची झाडे एवढ्यावर त्यांचा संसार चाले. १९६७ ते १९८२ या काळात सिनाई इस्रायलच्या ताब्यात होते. त्या वर्षांत पाठीवर पिशवी टाकून फिरणारे तरुण येथे येऊ लागले आणि मग येतच राहिले. शर्म-अल-शेखच्या विमानतळावरून मोटारीने तास-सव्वा तासात येथे पोहोचता येते. वाटेत वाळवंटाखेरीज काही नाही.

दहाबला येणाऱ्यांत एक निराळा वर्ग आहे. त्यांच्याकडे प्राणवायूच्या टाक्या नसतात, यंत्रे नसतात. एक मुखवटा, लांब पट्टीचे पर आणि एक श्वास, एवढेच त्यांचे सामान. या प्रकाराला फ्रीडायव्हिंग म्हणतात. पाण्याच्या पृष्ठभागावर श्वास भरून घ्यायचा, दोरीच्या कडेने खाली जायचे आणि त्याच श्वासावर परत यायचे. जगात हे शिकवणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. तरी दहाबची सोय दुसरीकडे सहसा सापडत नाही, कारण येथे खोल पाण्यासाठी नावेतून दूर जावे लागत नाही. गावाच्या उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरवर किनाऱ्याला अगदी चिकटून प्रवाळांच्या कड्यात एक विवर आहे. त्याची खोली शंभर मीटरहून अधिक. किनाऱ्यावरून चार पावले चालावे आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यावर तरंगावे, असा हा प्रकार. यालाच 'ब्लू होल' म्हणतात.

नवख्याची समजूत अशी असते की, या विद्येत श्वास रोखून धरणे हेच कठीण. दहाबमध्ये पहिल्याच दिवशी ती समजूत ढासळते. साधारण निरोगी माणूस थोड्या सरावाने एक-दीड मिनिट श्वास आवरू शकतो, आणि दहा मीटर खाली जाऊन वर यायला तेवढाही वेळ लागत नाही. शिकाऊ माणूस परततो तो श्वास संपला म्हणून नव्हे, कान दुखले म्हणून. तीन मीटर, चार मीटर, आणि कानात कोणीतरी सुई खुपसावी तशी कळ येते. छातीत हवा भरपूर असते, हातपाय ताजेतवाने असतात, तरी मागे फिरावे लागते.

खंडाळ्याचा घाट उतरताना किंवा विमान खाली येताना कानात दडे बसतात, हा अनुभव बहुतेकांना आहे. कारण एकच. कानाच्या पडद्यामागे मध्यकर्णाची हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी वाट एकच, घशाच्या वरच्या भागात उघडणारी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबीची नळी. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याच्या नावाने ती ओळखली जाते. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. घाटात हवेचा दाब हळूहळू बदलतो, म्हणून एक आवंढा पुरतो. पाणी मात्र हवेच्या मानाने फारच जड. समुद्रात दहा मीटर उतरले की अंगावरचा दाब दुप्पट होतो आणि पडद्यामागची हवा निम्म्या जागेत आक्रसू पाहते. वीस मीटरवर ती एक तृतीयांश होते, तीस मीटरवर एक चतुर्थांश. या आकड्यांतच एक चकवा आहे. तीसवरून चाळीस मीटरवर जाताना हवेचा संकोच थोडाच वाढतो. सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांत पडतो. म्हणजे जे पाणी डोळ्यांना उथळ आणि निरुपद्रवी वाटते, तेच कानांना सर्वांत घातक.

दुखू लागल्यावर कान मोकळे करू, असे म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. दाबाचा फरक एका मर्यादेपलीकडे गेला की त्या नळीचे मऊ तोंड बाहेरच्या दाबाने चिकटून बसते आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. सव्वा मीटरच्या आसपास दुर्लक्ष केले तरी हे घडू शकते. तरीही हट्टाने खाली जाणाऱ्याचा पडदा सुजतो, रक्ताळतो, प्रसंगी फाटतो. फाटलेल्या पडद्यातून थंड पाणी मध्यकर्णात शिरले की अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय बावरते, भोवळ येते, वर कुठे आणि खाली कुठे हे काही क्षण कळेनासे होते. एका श्वासावर पाण्याखाली असलेल्या माणसाच्या बाबतीत त्या काही क्षणांची किंमत वेगळी सांगायला नको.

नाक चिमटीत धरून फुंकर घालण्याची सर्वपरिचित युक्ती ही बोलोन्याच्या आंतोनिओ मारिया व्हालसाल्वा याची. १६६६ साली इमोला येथे जन्मलेल्या या वैद्याने १७०४ साली कानावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. समुद्राशी त्याचा संबंध नव्हता. मध्यकर्णात साठलेला पू बाहेर काढावा या हेतूने त्याने ही कृती सांगितली. तारकर्ली-मालवणला हौसेने स्कूबा करणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांनाही हीच शिकवतात. त्यांचे काम तिच्यावर निभावते, कारण ते सहसा पाय खाली ठेवून सावकाश उतरतात आणि टाकीतून हवेचा पुरवठा चालू असतो.

फ्रीडायव्हर डोके खाली करून उतरतो आणि तेथे ही युक्ती लंगडी पडते. व्हालसाल्वाची फुंकर छातीच्या व पोटाच्या स्नायूंच्या बळावर निघते. उलट्या शरीरात हवा वर, म्हणजे छातीकडे, जाऊ पाहते आणि खोलीबरोबर फुप्फुसेही आक्रसत जातात. त्यातून हवा पिळून कानापर्यंत पोहोचवणे पाच-दहा मीटरनंतर अवघड होते. शिवाय त्या जोराने सगळे अंग ताठ होते, आणि या विद्येत ताठ अंग म्हणजे प्राणवायूची उधळपट्टी. जोर फार लागला तर अंतर्कर्णाच्या नाजूक पडद्यालाही इजा संभवते.

उपाय सापडला तो आकाशात. हेर्मान फ्रेन्झेल हा जर्मन विमानदलातील वैद्य. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सूर मारून झेपावणाऱ्या बाँबफेकी विमानांच्या चालकांना कानांचा हाच प्रश्न भेडसावत होता. फ्रेन्झेलने शिकवले की, कंठद्वार बंद करावे, छातीला या कामातून रजा द्यावी आणि तोंडातली हवा जिभेने मागे ढकलावी. जीभ म्हणजे दट्ट्या, तोंड म्हणजे पंप. विध्वंसासाठी शिकवलेली ही कृती पुढे शांतपणे पाण्यात उतरणाऱ्यांनी आपलीशी करावी, यात इतिहासाचा थोडा विनोद आहे.

दहाबच्या किनाऱ्यावरील बैठ्या उपाहारगृहांत, गालिचे आणि तक्के यांवर बसून, नाक चिमटीत धरलेली माणसे सकाळ-संध्याकाळ दिसतात. समोर चहाचा पेला, एका हातात छोटा आरसा, दुसरा नाकावर. पाहणाऱ्याला गंमत वाटते; त्यांचा मात्र गृहपाठ चाललेला असतो. पहिला धडा कंठद्वार ओळखण्याचा. पाण्याने भरलेला जड हंडा उचलताना श्वास आपोआप अडतो, ती जागा. दुसरा धडा मृदू टाळूचा. टाळू पूर्ण उचललेला असेल तर नाकाची वाट बंद होते आणि हवा गालांत साठून राहते. गाल फुगले की शिकवणाऱ्याला चूक कळते. तिसरा धडा जिभेचा. तिचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला घट्ट लावायचे आणि मागचा भाग 'क' म्हणताना उचलतो तसा उचलायचा. जमले की नाकपुड्या चिमटीत किंचित फुगतात, दोन्ही कानांत हलकासा 'टक्' आवाज होतो आणि पोटावर ठेवलेला हात मुळीच हलत नाही. पोट हलले तर समजावे की फ्रेन्झेलच्या नावाखाली अजून व्हालसाल्वाच चालू आहे.

या शिकवणीत मराठी माणसाला एक सवलत आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ण ज्याने लहानपणी उच्चारस्थानांसह घोकले, त्याला आपल्या तोंडाचा नकाशा ठाऊक असतो. 'न' म्हणताना जीभ टेकते त्याच्या जवळपास टोक ठेव, 'ङ'च्या वेळी टाळू खाली येतो तसा येऊ दे आणि 'क'च्या जागी रेटा दे, असे त्याला सांगता येते. इतरांना हेच समजावताना शिक्षक आकृत्या काढून थकतात.

जमिनीवर जमलेले पाण्यात जमेलच असे नाही. प्राथमिक वर्ग दोन-तीन दिवसांचा असतो. कित्येकांना पहिल्या दिवशी साधते, कित्येकांना आठवडे लागतात, आणि याचा शरीरबळाशी काडीचा संबंध नाही. उत्तम पोहणारा व्यायामपटू चार मीटरवर अडकून पडतो, तर एखादी मध्यमवयीन गृहिणी अलगद दोरीच्या टोकाला स्पर्श करून येते. उलटे झाल्यावर माणूस स्वभावतःच मान वळवून तळाकडे पाहतो. मान ताणली की नळीही ताणते. म्हणून नजर समोरच्या दोरीवर ठेवायची, हनुवटी किंचित आत. पृष्ठभाग सोडण्याआधीच कान एकदा भरून घ्यायचे, पुढे प्रत्येक मीटरला. आणि कान उघडला नाही, तर थांबायचे, मागे फिरायचे. पैसे भरून दूरदेशी आलेल्याला हेच सर्वांत जड जाते. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचे नाही, हा नियमही असाच जिवावर येतो. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणाऱ्याचा औषधाचा अंमल खोलवर ओसरला, तर हवा आत कोंडते आणि वर येतानाच कान दुखू लागतो. खाली थांबावे तर श्वास नाही, वर यावे तर कळ.

खूप खोल जाणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. तीसेक मीटरनंतर छातीतून तोंडात हवा आणणेच अशक्यप्राय होते. तेव्हा ते वाटेतच गालभर हवा साठवून घेतात आणि तीच पुरवून पुरवून वापरतात. कॅनडाच्या एरिक फताहने ही रीत या शतकाच्या आरंभी रूढ केली.

जुन्या काळी यातले काहीच ठाऊक नसताना माणसे बुडत होतीच. एजियन समुद्रातील सिमी बेटाचा स्पंजवेचा हाजी स्टाटिस याने १९१३ साली कार्पाथॉस बेटाजवळ 'रेजिना मार्गेरिटा' या इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर सत्तर मीटरहून अधिक खोलीवर शोधून काढला. नौदलाच्या वैद्यांनी त्याला तपासले, तेव्हा त्याच्या कानांचे पडदे निकामी झालेले आढळले. ऐकू फार कमी येई. पडदाच उरला नाही म्हटल्यावर दाब समतोल करण्याचा प्रश्नही उरत नाही. आग्नेय आशियातील बजाऊ समाजातही मुलांचे पडदे बुड्या मारता मारता लहानपणीच फाटतात आणि उतारवयात बहिरेपण येते, असे सांगतात. पोटासाठी दिलेली ती किंमत होती. आज हौसेसाठी ती देण्याचे कारण नाही, आणि गालिच्यावर बसून जीभ हलवणाऱ्यांची शिकवणी म्हणूनच महत्त्वाची आहे.

ब्लू होलच्या काठावरील खडकावर पाणबुड्यांच्या स्मरणार्थ लावलेल्या शिळा आहेत. त्यांतल्या पुष्कळ जणांना मृत्यू आला तो पन्नास-पंचावन्न मीटरवरील कमानीत. हे विवर सुमारे सव्वीस मीटर लांबीच्या त्या कमानीतून खुल्या समुद्राला मिळते आणि तिच्यातून येणारा निळा प्रकाश माणसाला ओढून घेतो. बहुतेक जण टाक्या घेऊन गेलेले होते. परंतु एका श्वासाच्या बुडीनेही येथे बळी घेतला आहे. जुलै २०१७ मध्ये इटलीची अलेस्सिया झेक्किनी एका श्वासावर ही कमान पार करत असताना दोरीपासून भरकटली. तिच्या रक्षणासाठी खाली गेलेल्या स्टीफन कीनन या आयरिश पाणबुड्याने तिला वर आणले आणि स्वतः मात्र प्राण गमावले. त्यामुळे दहाबमध्ये कानांच्या धड्याबरोबरच दुसरा धडा दिला जातो. एकटे कधीही उतरायचे नाही. एक खाली, एक वर. वर आलेल्याच्या तोंडाकडे अर्धा मिनिट नजर ठेवायची, कारण शुद्ध हरपते ती बहुधा पृष्ठभागाजवळ किंवा वर आल्यानंतरच्या पहिल्या काही श्वासांत.

दुपारी शर्मकडून येणाऱ्या गाड्यांनी ब्लू होलचा काठ गजबजतो. पाण्यावर शेकडो रंगीत जाकिटे तरंगू लागतात, म्हणून शिकणारे लवकर पोहोचतात. हिवाळ्यात पाणी एकवीस-बावीस अंशांवर उतरते, उन्हाळ्यात अठ्ठावीसपर्यंत चढते. शाकाहारी प्रवाशाची येथे आबाळ होत नाही. शिजवलेल्या बाकल्यांचे फूल, बाकल्यांचीच तळलेली ताअमिया, ताजी भाकर आणि तिळाची चटणी कोठेही मिळते. तळकट आणि जड मात्र बुडीनंतरच खावे.

गाव सोडणारे पुष्कळदा सेंट कॅथरीनच्या मठाकडे जातात. रस्ता समुद्रसपाटीवरून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर चढतो आणि वाटेत कानांत पुन्हा बारीक टक् टक् होऊ लागते. चढताना आतली वाढती हवा आपली वाट आपणच काढते. त्यासाठी जीभ हलवावी लागत नाही. तरीही मोटारीत बसलेल्या शिकाऊंचे हात सवयीने नाकाकडे जातात.