शनिवारची ताई

आज न्हाऊन झाल्यावर वेण्या. बालगृहातल्या मुली एकेक करून पुढ्यात येऊन बसतात, पण केसांना हात लावण्याआधी "घालू का गं?" असं विचारायचं, हा इथला पहिला नियम. धाकटीने मानेनेच नको म्हटलं. मग तीच माझ्या मागे बसली आणि माझी वेणी घातली, वेडीवाकडी, दोन रबरं लावून.

या मुलींसोबत काय झालं होतं, हे आम्ही शनिवारच्या ताया कुणी विचारत नाही. ते पोलिसांनी, समुपदेशकांनी, पोक्सोच्या विशेष न्यायालयाने पाहायचं. आमच्या वाट्याला वेण्या, पाढे आणि लंगडी. फोटो तर नाहीच. या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. तरी वाढदिवसाचा केक घेऊन येणारे पाहुणे आधी मोबाइलच बाहेर काढतात. राग येतो. गोड बोलून जवळ येणारी माणसं या पोरींनी पुरेशी पाहिली आहेत.

यायचंच असेल तर दर आठवड्याला, ठरल्या वेळी या. जमणार नसेल त्या दिवशी आधी कळवा. आणि शेजारच्या घरात काही वावगं जाणवलं, तर वाट न पाहता मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ लावा.