धारवाडला जायचंय

आमच्या बेळगावकडं कुणी जरा विचित्र वागलं, की पटकन म्हणतात, "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे बघ!" खरं तर धारवाड म्हणजे बेंद्र्यांची कविता, मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं आणि पेढे. पण इंग्रजांच्या काळापासून तिथं मनोरुग्णालय आहे. आता ती 'डिम्हान्स' नावाची मोठी शिक्षणसंस्था झालीय, तरी बोलण्यातलं धारवाड अजून तेच.

त्यामुळं मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर माझी लेक जेव्हा म्हणाली, "आई, मला धारवाडला जायचंय," तेव्हा सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. "अगं बाई, एवढी शहाणी पोर. हिला काय झालं?"

झालं काही नव्हतं. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं होतं. बी.ए.ची तीन वर्षं, एम.ए.ची दोन, आणि त्यावर एम.फिल.ची आणखी दोन. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा अवघड. पुढं दिल्लीच्या पुनर्वास परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय ही पदवी नावापुढं लावता येत नाही. मीही बी.ए. झालेली बाई, पण सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यांतला फरक मला तिनंच सांगितला. पहिला एम.बी.बी.एस. करून पुढं मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो औषधं देतो. दुसरा चाचण्या घेतो, माणसाची सगळी हकीकत ऐकून घेतो, बोलण्यातून आणि ठरवून दिलेल्या सरावातून उपचार करतो. पुष्कळदा दोघं मिळूनच काम करतात.

"म्हणजे नुसतं बोलायचं? त्याला सात वर्षं?" मी विचारलं.

"नुसतं बोलायला सात मिनिटंही लागत नाहीत. ऐकायला शिकायला लागतात."

ती गेली. दुसऱ्या वर्षी एक स्थळ आलं. घर चांगलं, आपल्यातलं, चातुर्मासात मुनींच्या आहारदानात ओळख झालेलं. मुलाच्या आईनं फोनवर विचारलं, "मुलगी काय करते?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉलेजात शिकवते."

फोन ठेवला आणि मला धाकट्या काकू आठवल्या.

मी बारा-तेरा वर्षांची असेन. आमच्या धाकट्या काकूंना दुसरा मुलगा झाला, आणि त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. रात्र रात्र जागायच्या, बाळाला जवळ घेईनात, काही विचारलं की नुसतं पाणी डोळ्यांत. घरात कुणी म्हणालं, बाहेरचं झालंय. कुणी म्हणालं, कर्माचा उदय, भोगायलाच पाहिजे. आज्जी म्हणायची, "आर्तध्यान करू नको गं बाई, णमोकार म्हण." तिचं प्रेम खोटं नव्हतं, दुसरं काही तिला ठाऊक नव्हतं. काकूंना मागच्या खोलीत ठेवलं. कुणी पाहुणं आलं, की मला पुढं पाठवायचे आणि मी पढवल्यासारखं सांगायची, "काकू माहेरी गेल्यात." भिंतीपलीकडं काकूंना ते ऐकू जात असणार, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

तीन वर्षं. मग हळूहळू त्या उठल्या, कामाला लागल्या. पण त्यांचं हसणं परत आलं नाही. तो मुलगाही त्यांना कायम जरा परका राहिला.

हे सगळं मी पहिल्यांदा लेकीला सांगितलं, सुट्टीत ती घरी आली तेव्हा, भाकरी करता करता. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आई, बाळंतपणानंतर थोडे दिवस रडू येणं पुष्कळ जणींना होतं. पण दोन आठवडे उलटले तरी ते जाईना, झोप नाही, बाळाची ओढ वाटत नाही, असं असेल तर दाखवायला पाहिजे. हा आजार आहे आणि ह्याला उपचार आहेत."

"मग आज्जी चुकली म्हणतेस? णमोकार म्हणू नये?"

"म्हणावा की. ताप आला की आपण णमोकारही म्हणतो आणि डॉक्टरकडंही जातो. मनाच्या तापालाच तेवढं डॉक्टर नको का?"

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

मग मी तिच्या पेशंटांविषयी विचारायला लागले. कोण येतं, कुठल्या गावचं, काय होतं त्यांना? तिनं एक अक्षर सांगितलं नाही. मला राग आला. मी काय परकी? ती म्हणाली, "2017च्या कायद्यानं तो त्यांचा हक्क आहे, आई. आणि कायदा नसता तरी नसतं सांगितलं." नंतर बस्तीत बसले असताना लक्षात आलं. आपल्याकडं आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांचा 'अपरिस्रावी' असा एक गुण सांगितलाय. शिष्यानं सांगितलेला दोष त्यांच्यातून बाहेर पाझरत नाही. हे शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते, अर्थ लेकीनं रागे भरून शिकवला.

त्या संध्याकाळी मी त्या बाईंना फोन लावला. "मागच्या वेळी मी खोटं बोलले. आमची मुलगी कॉलेजात शिकवत नाही. धारवाडला मनोरुग्णांवर उपचार करायचं शिक्षण घेते, आणि पुढं तेच करणार आहे."

पलीकडं शांतता. मग, "बरं. घरात बोलतो आणि सांगतो."

लग्नाचं पुढं काही झालं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काकू माहेरी नव्हत्याच, हे इतक्या वर्षांनी कुणाला तरी सांगून टाकल्यासारखं हलकंही वाटलं.

महिन्याभरानं त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. भर दुपारी, अगदी हळू आवाजात. "घरात कुणी नाही आत्ता. तुमच्या मुलीला एक विचारायचं होतं..."

पुढं त्या काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. लेकीकडून तेवढं मी शिकलेय.