धावणारा आधी की वाट करून देणारे?



आज विषय जरा वेगळा आहे. आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथल्या न्यूयॉर्क जायंट्स संघावर त्याचा फार जीव. फोनवर त्याचं ऐकून ऐकून मलाही अमेरिकन फुटबॉल थोडा कळू लागला. हा खेळ पायापेक्षा हाताने जास्त खेळतात. चेंडू छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसतो तो रनिंग बॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी असतात, ते धक्के देत त्याला वाट करून देतात.

दर एप्रिलमध्ये कॉलेजच्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. ३२ संघ, ७ फेऱ्या. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्याचा नंबर साधारणपणे पहिला. नेहमीचा वाद असा, की रनिंग बॅक कितव्या फेरीत घ्यावा? २०२२ आणि २०२४ मध्ये तर पहिल्या फेरीत एकही घेतला गेला नाही.

जायंट्सने २०१८ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर सॅक्वॉन बार्कलीला घेतलं. पोरगा खरंच गुणी. पहिल्याच वर्षी नवोदितांचा मोठा पुरस्कार मिळाला, पण संघ १६ पैकी ५ सामनेच जिंकला. पुढे २०२० मध्ये त्याचा गुडघा दुखावला. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या ईगल्सकडे गेला. तिथे वाट करून देणारे पाचजण भक्कम होते. त्या हंगामात तो २००५ यार्ड धावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ अजिंक्य ठरला.

आपण स्वाध्यायात उपादान आणि निमित्त शिकतो ना, तेच इथे दिसतं. धावण्याची शक्ती त्याची स्वतःचीच होती, न्यूयॉर्कमध्येही होती. बाहेरचं निमित्त तेवढं बदललं.

म्हणून मला वाटतं, आधी ते पाच गडी उभे करावेत, मग धावणारा आणावा. तो उशिराच्या फेरीतही मिळतो. डेन्व्हरने टेरेल डेव्हिसला १९९५ मध्ये सहाव्या फेरीत घेतलं आणि १९९८ मध्ये तो २००८ यार्ड धावला. पण तयारी झालेली असेल तर लवकर घ्यायलाही हरकत नाही. डेट्रॉइटची पुढची फळी चांगली होती. २०२३ मध्ये त्यांनी बाराव्या क्रमांकावर जाहमिर गिब्सला घेतलं तेव्हा टीका झाली, पण तो त्यांना चांगलाच उपयोगी पडला. एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. अनेकांत इथेही आहेच.

हे सगळं मनात घोळायचं कारण म्हणजे सध्या आमच्याकडे मुलासाठी स्थळं बघणं चालू आहे. नात्यातल्या बायका म्हणतात, "सून आली की सगळं मार्गी लागेल." घरात कुणी स्वतःचं ताट उचलत नाही, सोळ्याचा स्वयंपाक एकटीनेच करायचा, आणि नवीन मुलीने येऊन घराला वळण लावायचं! मुलगी कितीही गुणी असली तरी तिच्यापुढे वाट करून देणारं कुणी नसेल तर धक्के तिनेच खायचे. मुलाला मी सांगितलंय, आधी वरणभात आणि भांडी शीक, मग आपण पत्रिका बघू.

आणखी एक गोष्ट मला सलते. रनिंग बॅक उशिरा घ्या म्हणतात, त्यामागे त्याचं शरीर लवकर झिजतं हाही हिशोब असतो. पहिला करार चार वर्षांचा. तो संपेपर्यंत इतके धक्के बसलेले असतात, की पुढचे पैसे देताना संघ हात आखडता घेतो. डेव्हिसचीही गुडघ्यानेच लवकर अखेर केली. बाजारात भाव कमी आहे म्हणून त्याचे कष्ट हलके होत नाहीत. आपल्या घरांतही जिच्या कामाला भाव नाही, तीच सगळ्यात जास्त झिजलेली असते. तिचं शरीर थकायच्या आधी तिच्यापुढे दोन माणसं उभी करा.