धूर सोडत चालली वरात!

फट्... फट्-फट्... टर्रर्र! सकाळचे सहा, कात्रजजवळचा पेट्रोल पंप आणि २६ जानेवारीची कडक थंडी. ओळीने उभ्या बावीस बाइक्स. जावा, येझदी, दोन राजदूत आणि एक आरडी ३५०. एकही तिशीच्या आतली नाही. चालवणाऱ्यांचं वय विचाराल, तर चोवीस ते बहात्तर!

क्लबची ही दरवर्षीची राइड. पुणे-भोर-मांढरदेवी घाट-वाई, जेमतेम शंभर किलोमीटर. तुम्ही म्हणाल, त्यात काय? एसी कारमध्ये गाणी ऐकत अडीच तासांत पोचू की! पण इथे नुसतं पेट्रोल भरून भागत नाही. गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे लिटरमागे ३०-४० मिली ऑइल मोजून ओतायचं, गाडी गदागदा हलवायची, मग किक. जावाची गंमत म्हणजे गिअरची आणि किकची दांडी एकच! आत दाबून वर वळवली की किक, पुन्हा पुढे आणली की गिअर. नवख्याची विकेट इथेच पडते. माझीही पडली.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक हा मालक आणि वांडरर ही जर्मन गाडी, दोघांच्या नावांची सुरुवात जोडून 'जावा' झाली. १९६१पासून ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली, पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६मध्ये कारखान्याला टाळं लागलं. २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी ही नावं परत आली, पण फोर-स्ट्रोक गाड्यांवर. जुन्या गाड्या जिवंत आहेत त्या फक्त मेकॅनिकच्या जिवावर.

आमचे मेकॅनिक म्हणजे चाचा. वय सत्तरच्या पुढे, जागा कायम सगळ्यात शेवटी, कॅरिअरला पान्यांची पिशवी. क्लबचा नियम एकच, सगळ्यात हळू गाडीचा वेग तोच सगळ्यांचा वेग.

कापूरहोळला हायवे सोडला आणि हुश्श झालं. ज्वारीची शेतं, उसाच्या बैलगाड्या, चुलीचा धूर. भोरच्या पुढे एका झेडपीच्या शाळेत झेंडावंदन चाललं होतं. बावीस इंजिनं बंद, सगळे सावधान. राष्ट्रगीत संपलं आणि मग किकांचा पाऊस! एका राजदूतला नऊ किका लागल्या. पोरांनी मोठ्यांदा मोजल्या आणि टाळ्याही वाजवल्या. एक आजोबा तिच्या टाकीवर हात ठेवून म्हणाले, ''आमच्याकडं बी व्हती. दुधाचे दोन कॅन लावून भोरला जायाचो.''

घाटाच्या तिसऱ्या वळणावर एक रोडकिंग बंद पडली. मालक हिंजवडीतला आयटीवाला, तिशीचा. गाडी त्याच्या बाबांची. ते दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती पार्किंगमध्ये कव्हरखाली. गिऱ्हाईक ठरलं होतं, पुढच्या रविवारी गाडी जाणार होती. ही शेवटची राइड.

चाचा आले, पिशवी उघडली आणि पाना त्याच्याच हातात दिला. ''बेटा, माझा हात हलतो आता. मी सांगतो, तू कर.'' प्लग काढला, कार्बनने भरलेला. पॉलिश पेपरने घासला. मग पॉइंटची फट पत्ती घालून बघितली. चाळीस मिनिटं गेली. एकवीस जण रस्त्याकडेला शेंगा खात थांबले, कोणी घड्याळ बघितलं नाही. दुसऱ्या किकला गाडी सुरू!

''उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नको,'' चाचांनी बजावलं. टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं पेट्रोलमधूनच. थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद, मग पिस्टन जॅम. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणारे बाबा गेले. चाचांची दोन्ही मुलं नोकरीत आहेत, गॅरेज पुढे कोण चालवणार ते ठरलेलं नाही.

वाईत मिसळीवर चर्चा रंगली ती व्हिंटेज नंबरची. २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी पार केलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा खास नंबर घेता येतो, पण मग ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, बस्स. बहात्तर वर्षांचे काका उखडले. ''दूध आणायला नेता येत नसेल तर ती गाडी कसली? भिंतीवरचा फोटो झाला तो!''

शेवटचा थांबा मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस'मध्ये बघितलेला हाच तो घाट. आयटीवाला पायऱ्यांवर बसला होता, बोटं काळीकुट्ट. गिऱ्हाइकाचा फोन वाजला. त्याने तो वाजू दिला.

''चाचा, रविवारी गॅरेज उघडं असतं?''

''सात वाजता ये. जुने कपडे घालून.''

जाणार असाल तर...
* नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट! पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते, तेव्हा हा घाट टाळा.
* जुनी गाडी असेल तर जादा प्लग, क्लच केबल आणि ऑइलची बाटली हवीच.
* वाईत ढोल्या गणपती चुकवू नका.
* आणि हो, घाई घरी ठेवून या!