टीममध्ये कीपर एकच राहते

क्रिकेटचा संघ निवडताना चार फास्ट बोलर घेता येतात, तीन स्पिनर घेता येतात. सलामीचे तीन चांगले बॅट्समन असले तर तिसऱ्याला पाचव्या नंबरवर खेळवता येतं. विकेटकीपर मात्र एकच लागतो. दुसरा कितीही चांगला असला तरी तो मैदानात पाणी घेऊन जातो, नाहीतर निव्वळ बॅट्समन म्हणून खेळतो आणि फिल्डिंगच्या वेळी दुसऱ्याच्या हातातल्या ग्लोव्हजकडे बघत उभा राहतो.

मी नागपुरात दहा वर्षं क्लब क्रिकेट खेळलो, दहाही वर्षं स्टंपमागे. विदर्भाच्या कुठल्याच वयोगटाच्या संघात माझं नाव आलं नाही. त्या वर्षांची आठवण म्हणून एक करंगळी आहे, जी आता सरळ होत नाही. हल्ली नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी सकाळी चौदा वर्षांखालच्या पोट्ट्यांना शिकवतो. त्यातल्या एकाचे हात फार चांगले आहेत. बॉल त्याच्या ग्लोव्हजमध्ये आला की आवाज होत नाही. कीपरला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो: आवाज झाला म्हणजे हात बॉलवर आदळले, आवाज नाही झाला म्हणजे हातांनी बॉलला घेतलं.

एका रविवारी त्याचे वडील स्कूटर लावून माझ्याकडे आले. हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट करून थेट आले होते.

"सर, याले कीपिंग सोडायले सांगा न. घरी ऑफस्पिन मस्त टाकते तो. टीममधी कीपर एकच राहते. एवढ्या मोठ्या देशात एकच."

मी म्हटलं, "दादा, पुढच्या रविवारी बोलू."

त्या आठवड्यात माझ्या डोक्यात कीपर सोडून दुसरं काही नव्हतं. कारण त्या माणसाचं गणित बरोबर होतं.

या गणितात सापडलेला एक माणूस नागपूरला चांगला माहीत आहे, फक्त आपण त्याला कीपर म्हणून आठवत नाही. चंद्रकांत पंडित. मुंबईचा विकेटकीपर-बॅट्समन. १९८६ साली इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला त्याचं टेस्ट पदार्पण झालं, पण ग्लोव्हज किरण मोरेच्या हातात होते. पंडित निव्वळ बॅट्समन म्हणून खेळला. १९८७च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध होती. तिथेही तो खेळला तो वेंगसरकर आजारी पडला म्हणून. सगळी मिळून ५ टेस्ट आणि ३६ वनडे. त्याच्या काळात जागा एकच होती आणि ती मोरेची होती.

मग हाच पंडित कोच म्हणून विदर्भात आला. विदर्भ तोवर सहा दशकं रणजी खेळत होता आणि एकदाही फायनलला गेला नव्हता. २०१७-१८ला रणजी जिंकली, २०१८-१९ला परत जिंकली. दोन्ही वेळा कॅप्टन फैज फझल. त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका वनडेची: २०१६, हरारे, नाबाद ५५. त्यानंतर बोलावणं आलं नाही. म्हणजे ज्यांना देशाच्या संघात टिकून जागा मिळाली नाही, अशा माणसांनी नागपुरात कप आणला. हे वडिलांना सांगता आलं असतं, पण त्यांचा प्रश्न याहून सरळ होता: माझ्या पोराला चान्स किती?

परदेशात तरी वेगळं असेल म्हणून बघायला गेलो. इंग्लंडचा मॅट प्रायर आपल्या जामठ्याला खेळून गेला आहे. २००७ साली लॉर्ड्सवर पहिल्याच टेस्टमध्ये त्याने नाबाद १२६ केल्या. पदार्पणात शतक करणारा इंग्लंडचा पहिला कीपर. पण वर्ष संपेपर्यंत कॅच सुटले, टीका झाली आणि तो संघाबाहेर गेला. पुढे कीपिंग सुधारून परतला आणि एकूण ७९ टेस्ट खेळला. डिसेंबर २०१२ मध्ये जामठ्याला जो रूट पहिली टेस्ट खेळत होता, तेव्हा त्याच्यासोबत उभा राहून प्रायरने ५७ काढल्या. मग आपली बॅटिंग १४०च्या वर ओव्हर चालली. मेलेली विकेट, बॉल गुडघ्याच्या वर येईना, आणि हा स्वान-पानेसरच्या प्रत्येक बॉलला खाली बसून वर येत होता. म्हणजे आठशेहून जास्त बैठका. त्या टेस्टच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी स्टँडमध्ये होतो. आजूबाजूचे सगळे कोहली आणि धोनीला बघायला आले होते. धोनी ९९ वर रनआऊट झाला, कुकचा डायरेक्ट हिट. अख्खं स्टेडियम गप्प. मला मात्र त्या दिवशीचे प्रायरचे गुडघेसुद्धा आठवतात.

प्रायरच्या उलट गोष्ट बेन फोक्सची. ग्लोव्हज घातलेला एवढा चांगला माणूस जगात दुसरा नाही, असं इंग्लंडमध्ये कित्येक जण म्हणत. त्यानेही २०१८ साली गॉलला पहिल्या टेस्टमध्ये शतक मारलं. तरी २०२३च्या अ‍ॅशेसला त्याला वगळून बेअरस्टोला घेतलं, कारण बॅट जास्त जोरात चालणारा कीपर हवा होता. म्हणजे एकाला हातांमुळे बाहेर काढलं आणि दुसऱ्याला हात चांगले असूनही बाहेर बसवलं. दार दोन्ही बाजूंनी अरुंद आहे.

आणि तरी ते दार कधी उघडेल ते कोणाच्या हातात नसतं. कोना श्रीकर भरतने २०१५ साली आंध्रकडून रणजीत ३०८ केल्या. रणजीत त्रिशतक करणारा पहिला विकेटकीपर. त्याला टेस्ट कॅप मिळाली ९ फेब्रुवारी २०२३ला, म्हणजे आठ वर्षांनी, आणि ती आपल्या जामठ्यावर मिळाली. कारण सहा आठवडे आधी ऋषभ पंतच्या गाडीला भीषण अपघात झाला होता. एकाचं घर हादरलं तेव्हा दुसऱ्याला जागा मिळाली. कीपरच्या आयुष्यात हे असंच असतं आणि यात भरतचा काही दोष नाही. त्या दिवशी लाबुशेन ४९ वर खेळत होता. जडेजाच्या बॉलवर पुढे आला, बॉल वळून बॅटच्या बाजूने गेला, भरतने बेल्स उडवल्या. मी ती क्लिप पोरांना अजून दाखवतो. बघायचं ते हे की बॉल येण्याआधी त्याचे हात पुढे धावत नाहीत. थांबतात. भरत एकूण ७ टेस्ट खेळला. वर्षभरात ध्रुव जुरेल आला आणि रांग पुन्हा सरकली.

त्याच मैदानाचा, घरचा कीपर आहे अक्षय वाडकर. २०१७-१८च्या रणजी फायनलला, इंदूरमध्ये, दिल्लीविरुद्ध त्याने १३३ केल्या. तो त्याचा पहिलाच मोसम होता. १ जानेवारी २०१८ला विदर्भ नऊ विकेटने जिंकला. त्या दिवशी नागपुरात लोक नव्या वर्षाच्या शुभेच्छा सोडून एकमेकांना स्कोअर पाठवत होते. आदित्य सरवटेचा डावखुरा स्पिन, अक्षय वखरेचा ऑफस्पिन, आणि दुसऱ्या टोकाला उमेश यादवचा वेग. या तिघांना एकाच दिवसात घ्यायचं म्हणजे एका ओव्हरला स्टंपला चिकटून, पुढच्या ओव्हरला वीस पावलं मागे. नव्वद ओव्हर म्हणजे ५४० वेळा खाली बसायचं. स्कोअरकार्डवर यातलं काही येत नाही. येतात फक्त बाय, म्हणजे जे चुकलं ते.

याच विदर्भात दुसरा कीपर होता अमरावतीचा जितेश शर्मा. टी-ट्वेंटीत शेवटच्या ओव्हरमध्ये येऊन बॉल स्टँडमध्ये पाठवणारा. २०२३ साली हांगझोच्या एशियन गेम्समध्ये तो भारताकडून खेळला. २०२५च्या आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ केल्या, बंगळुरू जिंकलं आणि पुढे कपही घेऊन गेलं. आज विदर्भातलं कुठलंही पोट्टं कीपर व्हायचं म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर जितेश असतो. असावाच. पण जितेशलासुद्धा भारतीय संघात आत-बाहेर करावं लागलं, आणि घरचा संघ सोडून तो बडोद्याकडे गेला.

वाडकर राहिला. भारताच्या संघात त्याला आजवर बोलावणं आलेलं नाही. मार्च २०२४ला तो विदर्भाचा कॅप्टन होता, वानखेडेवर मुंबईविरुद्ध फायनल, टार्गेट ५३८. कोणी आशा ठेवली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी तो आणि हर्ष दुबे खेळत राहिले, लंचपर्यंत एकही विकेट नाही. माझ्या ऑफिसात दोघं जण फोन टेबलाखाली धरून बसले होते, त्यातला एक मी. वाडकर १०२ वर एलबीडब्ल्यू झाला आणि मग सगळं भराभर संपलं. मुंबई १६९ रननी जिंकली. त्याच्या तीनच आठवडे आधी जुरेलने रांचीला ९० आणि नाबाद ३९ करून टेस्ट जिंकून दिली होती. म्हणजे वाडकर ज्या दिवशी आयुष्यातली मोठी इनिंग खेळला, त्या दिवशी वरची जागा भरलेली होती.

रविवार आला. वडील परत आले.

मी त्यांना म्हटलं, "दादा, चान्स कमी आहे. तुमचं गणित खरं आहे. ऑफस्पिनरला जास्त चान्स आहे हेही खरं. पण याला इंडियासाठी कीपर करायचं असेल तर आजच सोडवा. याला कीपिंग आवडते म्हणून करायचं असेल तर राहू द्या. आणि बॅटिंग दुप्पट करू द्या, कारण आता निव्वळ हातांवर कोणी घेत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही काहून केली मग दहा वर्षं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हटलं, प्रत्येक बॉल माझ्याकडे येते म्हणून. हे खरं आहे. फाईन लेगचा माणूस अर्धा तास दुसऱ्या विचारात राहू शकतो. कीपरला दिवसभर कामात राहावं लागतं, आणि मला तसं राहायला आवडायचं. नोकरीत असं मला अजून मिळालेलं नाही. त्यांनी मान हलवली, स्कूटर काढली. पोरगं अजून कीपिंग करतं. पुढच्या वर्षी करेल की नाही ते त्याच्या घरी ठरेल.

त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथे लिहितो. २ मार्च २०२५ला रणजी फायनल जामठ्यावर संपली, केरळविरुद्धची. विदर्भ पहिल्या इनिंगच्या ३७ रनच्या आघाडीवर जिंकला. दानिश मालेवारच्या १५३, करुण नायरचं शतक, हर्ष दुबेच्या मोसमातल्या ६९ विकेटचा विक्रम, हे सगळ्यांनी वाचलं. केरळ ३४२ वर संपलं तो तिसरा दिवस होता. सचिन बेबी ९८ पर्यंत पोचला होता आणि आघाडी हातून जाईल असं वाटत होतं. स्टँडमध्ये तुरळक माणसं होती, वर्धा रोडवरच्या ट्रकांचा आवाज मधूनच यायचा. वाडकर डाव्या हाताच्या स्पिनला स्टंपला चिकटून बसलेला. बॉल बॅटला लागला नाही तर त्याच्याकडे, लागला तर थ्रो त्याच्याकडे. ओव्हर संपली की ग्लोव्हज काखेत धरून तो फिल्डिंग लावत दुसऱ्या टोकाला चालत जायचा, आणि तिथे पोचला की पुन्हा खाली बसायचा. दोन दिवसांनी कप त्याच्याच हातात होता.